रोजच्या पानाचा पुरावा

श्रीमती इंदुमती म्हात्रे यांची आणि माझी ओळख एका मतभेदातून झाली. तो मतभेद आजही पूर्णपणे मिटलेला नाही, हे या गौरवग्रंथाच्या वाचकांना आरंभीच सांगणे मला उचित वाटते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी मुंबईतील जागा सोडून भाईंदर पूर्वेला राहायला आलो. मी तेव्हा एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत असे. नव्या वस्तीतल्या एका छोट्या वाचनालयाने माझे व्याख्यान ठेवले आणि विषय माझ्यावर सोपवला. मी ‘सर्जन आणि सवय’ हा विषय निवडला. माझे प्रतिपादन साधे होते. जे रोज केले जाते ते यांत्रिक होते. जे यांत्रिक असते ते सर्जनशील नसते. म्हणून रोज नेमाने लिहिलेले ललित लेखन हे खऱ्या अर्थाने सर्जन नव्हे. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. सुती साडी, खांद्याला शाळेची पिशवी, आवाज वर्गात शिकवून कमावलेला.

“सर, स्वयंपाक मी रोज करते. म्हणून रोज एकच भाजी होते असं नाही.”

लोक हसले. मी म्हणालो, “दृष्टान्त म्हणजे पुरावा नव्हे.”

“मान्य आहे. मग पुरावा आणते. रविवारी घरी असता ना?”

त्या खरोखरच आल्या. इंदुताई भाईंदरच्या एका खाजगी शाळेत मराठी शिकवत. माहेर परळचे, सासर भाईंदरजवळच्याच मुर्धे गावचे. सासरची एके काळी मिठागरे होती; पुढे ती बंद झाली, यजमानांनी मुंबईत नोकरी धरली आणि शाळा जवळ पडावी म्हणून दोघांनी खारी गावाच्या कडेला एका इमारतीत तळमजल्यावर जागा घेतली. ही सारी माहिती त्यांनी चहा होईपर्यंत दिली आणि चहा आल्यावर पिशवीतून सुट्या कागदांचा एक गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. रोजचे एक पान. गोष्टींचे तुकडे, संवाद, व्यक्तिचित्रे. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दोनांपैकी एक शेरा होता: ‘इच्छा होती’ किंवा ‘इच्छा नव्हती’.

“तुम्ही कोपरा झाकून वाचा,” त्या म्हणाल्या. “चांगलं वाटेल ते डावीकडे ठेवा, नाही वाटणार ते उजवीकडे. मग कोपरे बघा.”

मी ते पुढील आठवडाभर केले. उजवीकडचा गठ्ठा बराच मोठा झाला, हे मी त्यांना सांगितले आणि त्यांनी ते निमूटपणे मान्य केले. परंतु डावीकडच्या पानांचे कोपरे उघडल्यावर असे दिसले की चांगले पान आणि लिहिण्याची इच्छा यांचा परस्परांशी काही संबंध लागत नाही. काही उत्तम पाने इच्छा नसलेल्या सकाळची होती. माझे पहिले विधान त्यामुळे डळमळीत झाले. ‘रोजचे’ आणि ‘यांत्रिक’ या दोन गोष्टी मी परीक्षा न करताच एक मानल्या होत्या. ज्या व्यक्तीने आपल्या म्हणण्याची कसोटी आपणच इतक्या काटेकोरपणे लावून ठेवली आहे, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ आहे असे मला वाटले, आणि आमचा स्नेह सुरू झाला.

त्यांच्या लेखनाची पद्धत त्या काळातल्या भाईंदरखेरीज दुसरीकडे कुठे जन्मली असती असे वाटत नाही. त्यांच्या इमारतीला आवारातला एकच नळ होता. पाणी उजाडण्याच्या सुमारास येई आणि थोडाच वेळ टिके. तळमजल्यावरची बिऱ्हाडे त्या नळाला रबरी नळी लावून आळीपाळीने आपापली पिंपे भरत. पहिली पाळी इंदुताईंची. नळी पिंपात सोडली की त्या शेजारी स्टुलावर बसत, मांडीवर फळी घेत आणि लिहू लागत. पिंप भरत आले की पाण्याचा आवाज बारीक होत जातो. तो कानांनी टिपत त्या लिहीत राहत. पिंप भरले की लेखणी थांबे, मग वाक्य अर्धे का असेना. कारण दुसरी पाळी समोरच्या हंसाबेनची असे आणि हंसाबेन दाराशी हंडा घेऊन उभ्याच असत.

“इंदुबेन, थयुं के नहीं? तुम्हारी कहानी में मेरा पानी जाता है!”

“झालं, झालं. एक शब्द राहिलाय.”

“शब्द कल लिखो. पानी कल नहीं आयेगा तो?”

अर्धे राहिलेले वाक्य दुसऱ्या दिवशी पुरे करायचे असे. त्यामुळे कोऱ्या कागदापुढे बसून आरंभ शोधण्याची वेळ त्यांच्यावर कधी येत नसे. इतरांना जे साधण्यासाठी निश्चय लागतो ते त्यांना नगरपालिकेच्या पाण्याने दिले होते, असे मी एकदा थट्टेने म्हणालो. त्या हसल्या. ही थट्टा पुढे इतकी गंभीर ठरेल, याची कल्पना आम्हा दोघांनाही नव्हती.

याच सुमारास त्यांच्या पुढाकाराने आमचे लेखन मंडळ सुरू झाले. दर रविवारी सकाळी शाळेच्या एका वर्गात आम्ही आठ-दहाजण जमत असू: बँकेतले, टपाल खात्यातले, दोन गृहिणी, एक परिचारिका. मंडळाचे नियम इंदुताईंनी केले आणि ते मला अजूनही योग्य वाटतात. पान वाचून झाल्यावर ‘छान’ म्हणण्यास बंदी होती. ऐकणाऱ्याने आपल्या लक्षात काय राहिले तेवढेच सांगायचे. कुणाच्याच काही लक्षात राहिले नाही तर ते वाचणाऱ्याला आपोआप कळे. आणि दुसरा नियम: ज्याने आठवड्यात लिहिले नसेल त्यानेही यावे, फक्त लिहिले आहे असे सांगू नये.

हा दुसरा नियम श्री. सावंत या बँकेतल्या सद्गृहस्थांमुळे झाला. लिहिणे जमत नाही या संकोचाने त्यांनी येणे बंद केले होते. मी त्यांना समजावणारे पत्र लिहावे असे म्हणत होतो. इंदुताई त्यांच्या घरी गेल्या, लेखनाविषयी एक शब्दही न काढता तासभर बसल्या, त्यांच्या पत्नीकडून कैरीच्या लोणच्याची कृती उतरून घेतली आणि निघताना दारात म्हणाल्या, “रविवारी खुर्च्या लावायला माणूस लागतं हो सावंत.” सावंत खुर्च्या लावायला आले आणि दोन महिन्यांनी पान घेऊन आले. माझे पत्र लिहून तयार होते; ते टाकण्याचा प्रसंग आला नाही.

त्यांच्या स्वभावातील हा संयम मी स्वतःही अनुभवला आहे. माझी पत्नी दीर्घकाळ रुग्णालयात होती, त्या दिवसांत त्यांच्या घरून मला जेवणाचा डबा येत असे. बरोबर चिठ्ठी नसे, प्रकृतीची चौकशी नसे, धीराचे शब्द नसत. दिवसभर तेच प्रश्न ऐकून आलेल्या माणसाला केवळ आमटीभात हवा असतो, हे फार थोड्यांना कळते. पत्नी घरी आल्यावर मात्र त्या भेटायला आल्या आणि पोटभर बोलल्या.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो.

इंदुताई इमारतीच्या सोसायटीच्या सेक्रेटरी होत्या. आवारातल्या नळावर सारी इमारत अवलंबून असावी हे त्यांना मान्य नव्हते. वरच्या मजल्यावरच्या वृद्धांना हंडे चढवताना त्या रोज पाहत. त्यांनी अर्ज केले, कचेरीत खेपा घातल्या, सभासदांची भांडणे मिटवली आणि अखेरीस जमिनीखालची टाकी, पंप आणि गच्चीवरची टाकी असे सर्व बांधून घेतले. नारळ फुटला. हंसाबेननी स्वतःच्या हातची गूळ-तुपाची सुखडी वाटली. त्या दिवसापासून प्रत्येक घरात स्वयंपाकघरातली तोटी फिरवली की पाणी येऊ लागले.

आणि इंदुताईंचे लेखन थांबले.

हे आम्हाला कळले ते त्यांच्याच तोंडून. एका रविवारी त्यांची पाळी आली तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझ्याकडे काही नाही. टाकी झाल्यापासून एक पानही झालेलं नाही.” त्यांच्यापाशी जुन्या पानांचा एवढा संग्रह होता की त्यातले एखादे वाचून त्यांना वेळ मारून नेता आली असती. कुणाला कळलेही नसते. पण नियम त्यांनीच केला होता आणि तो स्वतःला लावताना त्यांचा आवाज बदलला नाही. त्यांच्या मूल्यांविषयी मला एकच दाखला द्या असे कुणी म्हटले तर मी हा देईन.

या थांबण्यात काय पणाला लागले होते, ते स्पष्ट केले पाहिजे. त्या वेळी एकाच घरात राहणाऱ्या दोन जावांवरची त्यांची कादंबरी अर्ध्यावर होती. परंतु कादंबरी हा त्यांचा खरा प्रश्न नव्हता. बैठक संपल्यावर त्या मला म्हणाल्या, “सर, मी लिहिणारी बाई आहे की पाण्याची वाट बघणारी? इतकी वर्षं मला वाटलं, मी पहिली आहे.”

मी माझ्या सवयीप्रमाणे प्रश्न विभागला. “पाणी हे लेखनाचं कारण होतं की निमित्त? कारण असेल तर पाण्याबरोबर लेखन गेलं, त्याला इलाज नाही. निमित्त असेल तर दुसरं कोणतंही निमित्त चालेल.”

“कारण आणि निमित्त तुम्ही ठरवा. मला पान पाहिजे.”

त्यांनी दुसरी निमित्ते शोधली. गजराचे घड्याळ लावले. ते बंद करून त्या पुन्हा बसत आणि बसूनच राहत. उदबत्ती लावून ती विझेपर्यंत लिहायचे ठरवले. उदबत्ती विझे, कागद कोरा. एकदा त्यांनी हंसाबेनना विनंती केली की पूर्वीसारखे रोज सकाळी दाराशी येऊन हाक मारा.

हंसाबेन म्हणाल्या, “पानी घर में आता है, तो मैं हंडा लेके क्यों आऊँ? लोग बोलेंगे, हंसाबेन पागल हो गई.”

मला यातून एक गोष्ट दिसू लागली. गजर आणि उदबत्ती ही त्यांची स्वतःची होती. मोडली तर कुणाचे काही बिघडत नव्हते. नळावरची पाळी दुसऱ्याची होती. पण यावरून मी जो निष्कर्ष काढला तो असा की ज्याला लिहिण्यासाठी दुसरे माणूस लागते त्याचे लेखन परावलंबी असते, आणि परावलंबनातून सुटण्याची ही संधी आहे. मी त्यांना तसे सांगितले. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, “सर, भूक आपली आपल्याला लागते. पण जेवण वेळेवर होतं ते घरात चार माणसं असतात म्हणून. एकट्या माणसाची पानं दुपारी तीनला मांडलेली मी पाहिली आहेत.” मी तेव्हा एकटा स्वयंपाक करत असे, पत्नी माहेरी होती. मुद्दा व्यक्तिगत होता, तरीही चुकीचा नव्हता.

काही महिने असेच गेले. मंडळात त्या येत, इतरांची पाने ऐकत, काय लक्षात राहिले ते सांगत, स्वतःची पाळी आली की “नाही” म्हणत. त्या पुन्हा लिहितील ही आशा आमच्यापैकी बहुतेकांनी सोडली होती.

मग मुर्ध्याहून त्यांच्या सासूबाई राहायला आल्या. काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. आयुष्यभर कामात असलेल्या या बाईंना दिवस कसा घालवावा हे कळेना. एका सकाळी त्यांनी विचारले, “तू कागदावर लिवायचीस, ता काय होता?” इंदुताईंनी कपाटातून कादंबरीची जुनी पाने काढून थोडी वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी पुढची. रोज सकाळी चहा झाला की सासूबाई दाराकडे तोंड करून बसू लागल्या. असे करता करता लिहिलेली पाने संपली.

“पुढं?”

“पुढे लिहिलेलं नाही, आई.”

“का? हात मोडला?”

 दुसऱ्या सकाळी चहाआधी इंदुताईंनी पान लिहिले.

मी हे सांगतो आहे ते ऐकीव नाही. त्या हिवाळ्यात मी एका सकाळी मंडळाच्या कामासाठी त्यांच्या घरी गेलो असता वाचन चाललेच होते.

“कोन आलाय?” सासूबाईंनी विचारले.

“सर आलेत, आई. व्याख्यान देतात ते.”

“तुझ्याशी भांडतंय तो? बसू दे. पन मधी बोलायचा न्हाय.”

मी बसलो आणि मध्ये बोललो नाही. धाकटी जाऊ थोरलीचा अपमान मुकाट्याने गिळते, असा प्रसंग होता. वाचन संपताच सासूबाई म्हणाल्या, “येवढी गरीब? आशी जाऊ मना न्हाय ठाव. उद्या तिला बोलायला लाव.”

“ती बोलणारी नाही, आई. तिचा स्वभावच तसा आहे.”

“मंग ही मरंल. मेली तर मी न्हाय आयकायची.”

मला त्या सकाळी जे दिसले ते माझ्या युक्तिवादात बसत नव्हते. सासूबाईंना साहित्याशी काहीही देणेघेणे नव्हते. त्यांना दोन जावांचे उद्या काय होणार एवढेच हवे होते. आणि इंदुताई त्यांच्या सांगण्याप्रमाणे लिहीतही नव्हत्या. धाकटी जाऊ पुढची कित्येक पाने गप्पच राहिली आणि सासूबाई रोज चिडून ऐकत राहिल्या. म्हणजे लेखन दुसऱ्याच्या स्वाधीन झालेले नव्हते. ते फक्त दुसऱ्यापर्यंत रोज पोहोचत होते. परावलंबन आणि बांधिलकी हे दोन शब्द मी वेगळे ठेवायला हवे होते. मंडळात इंदुताईंची पाळी पुन्हा सुरू झाली, आणि ती नियमाने राहिली.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सासूबाई वारल्या. कादंबरी तेव्हाही पुरी झालेली नव्हती. मंडळातल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता, आणि तो कुणी बोलून दाखवला नाही. सावंत मला एवढेच म्हणाले, “सर, या वेळी आपण काही समजावायला जायचं नाही.” मी ते मान्य केले.

तेराव्यानंतरच्या पहिल्या रविवारी इंदुताई आल्या. पाळी आल्यावर त्यांनी पिशवीतून पाने काढली. एक नव्हे, बरीच. त्या वाचू लागल्या. कादंबरीत एक नवीन पात्र आले होते. दोन जावांच्या घरात, दाराशी बसलेली एक म्हातारी, जिला दिसत नाही, आणि जी कुणालाच सुखाने गप्प बसू देत नाही. तिच्या टोमण्यांनी वैतागून धाकटी जाऊ अखेर तोंड उघडते. तिने बोललेले ते पहिले वाक्य इंदुताईंनी वाचले तेव्हा वर्गात कुणीतरी मोठ्याने हसले.

मी विचारले, “हे कधी लिहिलंत?”

“रोज सकाळी.”

“त्या गेल्या त्या दिवशीही?”

“त्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी.”

“कुणासाठी?” हा प्रश्न मी विचारायला नको होता असे काहींचे मत पडले, परंतु मला उत्तर हवे होते.

इंदुताईंनी पाने जुळवून पिशवीत ठेवली. “सर, सकाळी बसले की त्या मधेच बोलतात. मी त्यांच्याशी भांडते. भांडण संपेपर्यंत पान होतं.”

यावर युक्तिवाद करता आला असता. मी केला नाही. मंडळाच्या नियमाप्रमाणे मी माझ्या काय लक्षात राहिले ते सांगितले, आणि पुढच्याची पाळी आली.

ती कादंबरी पुढे प्रकाशित झाली, वाचकांनी तिचे स्वागत केले आणि त्यानंतर इंदुताईंची इतर पुस्तकेही आली. त्यांची चर्चा या ग्रंथातील अन्य लेखक माझ्याहून अधिक अधिकाराने करतील. मला नोंदवायचे आहे ते एवढेच की आपली शक्ती कशावर उभी आहे हे तपासण्याची वेळ आली तेव्हा इंदुताईंनी खोटा आधार दाखवला नाही. खरा सापडेपर्यंत त्या सर्वांसमोर रिकाम्या हातांनी उभ्या राहिल्या. लिहिण्याची सवय पुष्कळांना लागते. ती गेल्यावर तसे सांगण्याचे आणि पुन्हा आरंभ करण्याचे बळ थोड्यांकडे असते.

हा लेख लिहिताना एक तपशील पडताळून घेण्यासाठी मी त्यांना सकाळी फोन केला. त्यांच्या सूनबाईंनी तो घेतला आणि सांगितले, “आई लिहितायत. नऊनंतर कराल का?” मी नऊनंतर केला. इंदुताई म्हणाल्या की गुडघे दुखतात, कुठलाही जिना चढवत नाही आणि हाती घेतलेली कादंबरी तर हाताबाहेर चालली आहे; तीनशे पाने झाली तरी माणसे अजून लग्नाच्या मांडवातच आहेत.

ही माणसे मांडवातून घरी जाऊन त्यांची मुले मोठी होईपर्यंत पुरेल एवढे आयुष्य इंदुताईंना मिळो, आणि रोज सकाळी स्टुलावर बसता येईल एवढे गुडघ्यांचे सहकार्यही मिळो. वयाने मी त्यांच्याहून बराच मोठा आहे. म्हणून या शुभेच्छेत माझा एक स्वार्थही मिसळलेला आहे, तो उघड करतो. मला ती कादंबरी शेवटपर्यंत वाचायची आहे, आणि वाचून झाल्यावर तिच्यातल्या एका तरी विधानाविषयी त्यांच्याशी भांडायचे आहे.